पाऊल उचलेनासे झाले तर

झिजलेला सांधा काढून त्याच्या जागी धातूचा आणि प्लास्टिकचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आपल्या समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, कोणाच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलून आणले ही वार्ता आता चहा घेता घेता सांगितली जाते, आणि ऐकणाराही खर्च किती आला व जिना कधी चढता आला या दोन पृच्छांपलीकडे सहसा जात नाही. या निर्धास्तपणाला आधार आहे. इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात, रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्न्ली या शल्यविशारदाने टेफ्लॉनच्या वाट्या झिजून गेल्याने पदरी आलेले अपयश पचविले आणि १९६२ सालच्या नोव्हेंबरात पॉलिथिलीनची वाटी व पोलादाचा गोळा ही जोडी खुब्यात बसविण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून वेदनेने घरकोंडीत पडलेली लक्षावधी माणसे या विद्येने पुन्हा हिंडतीफिरती झाली आहेत. म्हणूनच ज्या एखाद्याच्या वाट्याला विपरीत येते, त्याचा अपेक्षाभंग अधिक तीव्र असतो. गुडघ्याचे वा खुब्याचे दुखणे गेलेले असते, क्ष-किरण छायाचित्रात नवा सांधा यथास्थित दिसत असतो, आणि तरीही पाऊल वर उचलत नाही. पंजा लोंबतो, चप्पल पायातून निसटते, सतरंजीच्या काठाला आणि न्हाणीघराच्या उंबरठ्याला अंगठा अडतो, आणि तोल सांभाळण्यासाठी तो मनुष्य गुडघा अकारण उंच उचलून पाऊल आपटीत चालू लागतो. वैद्यकात यालाच फुट ड्रॉप म्हणतात.

अशा वेळी दोन उद्गार हमखास ऐकू येतात. नातलग म्हणतात, "डॉक्टरने नस कापली", आणि डॉक्टर म्हणतात, "होतं असं कधी कधी, येईल हळूहळू." पहिल्या उद्गारात संताप आहे, दुसऱ्यात सांत्वन आहे, आणि विचार दोहोंतही तोकडाच आहे. कारण मज्जातंतूला इजा होणे हा या शस्त्रक्रियेचा ज्ञात उपद्रव असून निष्णाताच्या हातूनही तो घडू शकतो, ही गोष्ट जितकी खरी, तितकेच हेही खरे की, ज्ञात उपद्रव या दोन शब्दांची ढाल पुढे करून पुष्कळ हयगय झाकली जाते. दोहोंतील सीमारेषा कोठे आखावयाची, हे पाहू गेल्यास ती शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी क्वचितच सापडते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या एका नोंदीत, संमतिपत्रावरील सहीपूर्वीच्या संभाषणात, आणि भूल उतरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्णाच्या पायाकडे कोणी पाहिले की नाही यात तिचा शोध घ्यावा लागतो, असे माझे मत आहे.

आधी शरीराची रचना पाहू. कमरेच्या मणक्यांतून निघून, नितंबाच्या स्नायूंखालून व खुब्याच्या सांध्याच्या अगदी पाठीमागून मांडीत उतरणारा सायटिक मज्जातंतू हा मानवी देहातील सर्वांत जाड मज्जातंतू होय. एकाच वेष्टनात बांधलेले त्याचे दोन भाग असतात. आतला पोटरीला आणि तळपायाला चालना देतो, तर बाहेरचा, ज्याला पेरोनियल म्हणतात, तो पाऊल आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जातो. गुडघ्याच्या किंचित वर हे दोघे विभक्त होतात आणि बाहेरचा भाग गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाताला लागणाऱ्या हाडाच्या गाठीखालून वळसा घेऊन पुढे येतो. येथे त्याच्यावर कातडी आणि थोडी चरबी याहून अधिक संरक्षण नाही. मांडीवर मांडी टाकून फार वेळ बसले म्हणजे पायाला ज्या मुंग्या येतात, त्याचे मूळ बहुधा याच ठिकाणी असते. वर कटीजवळ आणि खाली या हाडाच्या मानेपाशी तो जखडलेला असल्यामुळे, दोन खुंट्यांना ताणून बांधलेल्या वाळवणीच्या दोरीला मध्ये आणखी ताण द्यावा तशी त्याची गत होते. शिवाय त्याच्या तंतूंमध्ये मऊ भराव आतल्या भागापेक्षा कमी असतो. त्यामुळे इजा सायटिकला झाली तरी बाधतो तो बहुधा हाच भाग.

खुबा प्रथमच बदलताना अशी इजा होण्याचे प्रमाण साधारणतः शंभरांत एक असे धरले जाते. एकदा बसविलेला सांधा काढून दुसरा बसवावयाचा असेल तर ते वाढते, आणि ज्याचा खुबा जन्मापासूनच जागेवर नाही अशा रुग्णात अधिकच वाढते, कारण वर्षानुवर्षे आखूड राहिलेला पाय नव्या सांध्याबरोबर एकदम लांब होतो आणि त्या लांबीला पुरे पडण्याची मज्जातंतूला सवय नसते. चार सेंटिमीटरहून अधिक लांबी वाढविणे धोक्याचे, असा शल्यविशारदांमध्ये जुना संकेत आहे. गुडघ्यात हा धोका पाय कोणत्या बाजूस वाकला आहे यावर पुष्कळसा अवलंबून असतो. आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांचे पाय धनुष्याकृती, म्हणजे बाहेर वाकलेले असतात, आणि ते सरळ करताना बाहेरील मज्जातंतूवर ताण येत नाही. परंतु ज्यांचे गुडघे एकमेकांस घासतात आणि पूर्ण सरळही होत नाहीत, त्यांचा पाय सरळ करणे म्हणजे त्या मज्जातंतूला ओढणेच होय. मांडीस आवळलेला हवेचा पट्टा दोन तासांहून अधिक काळ राहणे, कमरेची पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, संधिवाताने पोखरलेले सांधे, घट्ट गुंडाळलेले बँडेज, आत साचलेले रक्त, मांस बाजूला धरणाऱ्या लोखंडी आकड्याचा दाब, ही कारणे त्यात मिळवावी. सुरीने मज्जातंतू प्रत्यक्ष कापला जाणे हे या यादीत अगदी तळाशी येते, आणि पुष्कळ रुग्णांत कसून शोध घेऊनही कारण हाती लागत नाही.

एक गोष्ट मात्र या सर्वांपासून वेगळी काढली पाहिजे. गुडघा बदलल्यावर टाक्याच्या बाहेरील बाजूस तळहाताएवढी कातडी बधिर राहते, कारण तेथून आडवी जाणारी त्वचेची बारीक शाखा गुडघ्यावरील उभ्या छेदात बहुशः वाचविता येत नाही. यात कोणाचाही कसूर नाही. शस्त्रक्रियेपूर्वी दोन वाक्यांत सांगितले असते तर रुग्णाने मनास लावूनही घेतले नसते. ते न सांगितल्यामुळे मात्र घरोघर त्यावरून कुजबुज चालते.

इजेची प्रतवारी लावण्याची रीत युद्धाने घालून दिली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे हातपाय तपासताना हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४३ साली मज्जातंतूच्या इजेचे तीन वर्ग केले. पहिल्यात तंतू अखंड असून केवळ त्याचे वहन थांबते, आणि काही दिवसांत वा आठवड्यांत ते पूर्ववत होते. दुसऱ्यात आतला गाभा तुटतो परंतु वेष्टन शाबूत राहते, आणि त्या वेष्टनाच्या आधाराने नवा तंतू दररोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत जातो. तिसऱ्यात सारेच तुटते, आणि शिवल्यावाचून गत्यंतर नसते. या एका मिलिमीटरच्या हिशेबात रुग्णाचे भवितव्य दडलेले आहे. इजा गुडघ्यापाशी असेल तर नडगीच्या स्नायूपर्यंत पोचण्यास काही महिने पुरतात. खुब्यापाशी असेल तर अर्धा मीटर अंतर कापावयाचे असते, म्हणजे पाचशे दिवस. आणि स्नायूला चेतना न मिळता दीड वर्षाच्या आसपास काळ लोटला की तो वाळू लागून नंतर तंतू पोचला तरी त्याचा फारसा उपयोग राहत नाही. म्हणून "येईल हळूहळू" हे आश्वासन गुडघ्याच्या रुग्णाला बहुधा खरे ठरते आणि खुब्याच्या रुग्णाला पुष्कळदा अर्धेच खरे ठरते.

आता त्या निर्णायक तासांकडे वळू. रुग्णाला वॉर्डात आणले आहे, कमरेतून दिलेली भूल अजून पुरती उतरलेली नाही, आणि वेदना होऊ नये म्हणून कदाचित पाठीत बारीक नळी ठेवून औषध चालूच आहे; अशा स्थितीत पाय हलत नाही याचा अर्थ भूल आहे असाही होतो आणि मज्जातंतू दबला आहे असाही होतो. दक्ष परिचारिका किंवा निवासी डॉक्टर दर काही तासांनी येऊन रुग्णाला म्हणतात, "आजी, पंजा वर ओढा पाहू, अंगठा वर करा," आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळतो का विचारतात. कारण त्या चिमूटभर जागेची संवेदना याच मज्जातंतूची खोल शाखा वाहून नेते. बोटे खाली दाबता येतात पण वर ओढता येत नाहीत असे आढळले तर भुलेवर सारा भार टाकता येत नाही. मग करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. बँडेज उभे कापून सैल करावयाचे, गुडघा उशीवर किंचित वाकवून ठेवावयाचा म्हणजे ताण उतरतो, नळीतील औषध थांबवून भूल उतरते का पाहावयाचे, शल्यविशारदाला तत्काळ दूरध्वनी करावयाचा, आणि घडले ते वेळेसह केसपेपरवर लिहावयाचे. खुब्याच्या रुग्णाच्या नितंबात सूज वाढत असेल, वेदना क्षणोक्षणी असह्य होत असेल, आणि पायातले बळ आधी होते ते आता जात असेल, तर आत रक्त साचून मज्जातंतू दाबला जात असण्याचा संभव असतो, आणि ते रक्त काढण्यास सकाळच्या राउंडची वाट पाहणे परवडत नाही.

हयगय घडते ती येथे. रात्री दहा वाजता रुग्ण सांगतो की पाय हलत नाही, उत्तर मिळते की भूल आहे; पहाटे चार वाजता पुन्हा सांगतो, उत्तर तेच; आणि केसपेपरवर दोन्ही वेळा "रुग्ण ठीक" एवढीच नोंद असते. शस्त्रक्रिया कितीही कुशलतेने झाली असली तरी त्या दोन नोंदींचे समर्थन करणे कोणत्याही वकिलाला अवघड जाते. उलट, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दोन्ही पावलांची शक्ती तपासून लिहिलेली असेल, भूल उतरताच दोष ओळखून उपाय केलेले असतील आणि रुग्णाला त्याच दिवशी खरे सांगितलेले असेल, तर पाऊल कायमचे लुळे राहिले तरी त्या डॉक्टरला दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही. कमरेच्या जुन्या विकाराने पाऊल आधीच अधू होते की नाही, हेही त्या आदल्या दिवसाच्या नोंदीवाचून पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

न्यायालयांनी याच दिशेने विचार केला आहे. इंग्लंडातील १९५७ सालचा बोलॅम खटला वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया मानला जातो, आणि योगायोग असा की तोही खुब्याचाच होता. विजेचे झटके देताना स्नायू शिथिल करणारे औषध न दिल्यामुळे त्या मनोरुग्णाच्या दोन्ही खुब्यांच्या वाट्या मांडीच्या हाडांनी फुटल्या होत्या. तो दावा हरला. त्या व्यवसायातील जबाबदार व जाणत्या मंडळींना जी रीत मान्य आहे तिच्याप्रमाणे वागणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, अशी कसोटी त्यातून निघाली, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात ती स्वीकारली.

परंतु मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा खटला त्याहून जवळचा आहे. १९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकाठच्या वाळूत एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात मिळाल्या त्या फळ्या बांधून टॅक्सीने त्याला पुण्यास आणण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता, माणसांच्या बळाने पाय ओढून हाड बसविण्यात आले, आणि त्याच रात्री तो मरण पावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल झाला. नुकसानभरपाई ३,००० रुपये होती, पण निकालाचे मोल रकमेत नव्हते. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी दक्षता घेतली पाहिजे, असे कर्तव्य न्यायालयाने घालून दिले. आणि मृत्यूचे खरे कारण उपचाराचा आघात असता ते झाकण्यासाठी दुसरे कारण पुढे करण्यात आले, असाही निष्कर्ष काढला. आघातापेक्षा त्यावरील पांघरूण अधिक महाग पडते, ही गोष्ट आपल्याकडील डॉक्टरांनी त्या निकालातूनच ओळखावयास हवी होती.

१९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली गेली. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये तेवढी बाहेर राहिली. २००४ साली सविता गर्ग खटल्यात असे ठरले की, रुग्णाने दोष दाखविल्यावर आपण दक्ष होतो हे रुग्णालयाने कागदपत्रांनिशी दाखवावे. फौजदारी फिर्यादीचा मार्ग मात्र जेकब मॅथ्यू निकालाने जाणूनबुजून अरुंद केला आहे. तेथे हयगय ठसठशीत व घोर असावी लागते, आणि पोलिसांनी कारवाईपूर्वी त्या विषयातील निःपक्ष डॉक्टरचे मत घ्यावे लागते. रुग्णालयाच्या काचा फोडणाऱ्या जमावाला हे ठाऊक नसते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, तिला डॉक्टरची सनद तहकूब करण्याचा अधिकार आहे, पण भरपाई देण्याचा नाही.

संमतीचा प्रश्न मला या सर्वांत नाजूक वाटतो. २००८ सालच्या समीरा कोहली निकालाने सांगितले की, प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याचीच हवी, तीही पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. मात्र दूरान्वयाने संभवणाऱ्या प्रत्येक धोक्याची धास्ती त्याला घालण्याची गरज नाही. मग शंभरांत एक हा धोका दूरचा म्हणावा काय? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, मधुमेही मातेला बाळाचा खांदा अडकण्याचा संभव न सांगितल्याच्या माँटगोमेरी खटल्यात, हा प्रश्न डॉक्टरच्या नजरेने सोडविण्याचे नाकारून त्या रुग्णाला काय महत्त्वाचे वाटले असते ते पाहा असे सांगितले. आपला कायदा अद्याप तेथवर सर्वस्वी पोचलेला नाही. तथापि सत्तर वर्षांच्या, एकटे राहणाऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या मनुष्याला पाऊल लुळे पडण्याचा संभव ऐकण्याचा हक्क नाही असे म्हणण्यास मी तयार नाही. प्रत्यक्षात घडते असे की, आदल्या रात्री चार पानांचा इंग्रजी छापील कागद मुलापुढे येतो, फुली केलेल्या ठिकाणी तो सह्या करतो, आणि ज्याचा गुडघा आहे तो शेजारच्या खाटेवर जेवणाच्या डब्याची वाट पाहत असतो.

ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला आहे त्याने तत्काळ काय करावे, एवढे सांगावयाचे राहिले. पावलाला आधार देणारा प्लास्टिकचा साचा लगेच घ्यावा आणि व्यायाम सुरू करावा, म्हणजे घोटा आखडत नाही. तीन-चार आठवड्यांनी मज्जातंतूची विद्युत तपासणी करावी, त्यापूर्वी ती बहुधा अर्धवट उत्तर देते. आणि वर्ष-दीड वर्षाने सुधारणा नसेल तर दुसऱ्या स्नायूची कंडरा वळवून पाऊल उचलते करणारी शस्त्रक्रिया आहे, तिची चौकशी करावी. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत २०१९च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. कारण इजा आत दडून राहिली असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजावी, परंतु उघड दिसत असेल तर घटनेपासूनच मोजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या एका निकालात म्हटले आहे, आणि लोंबणारे पाऊल तर दुसऱ्याच दिवशी दिसते. ते सुधारण्याची वाट पाहण्यातच दीड वर्ष निघून जाते, आणि तोवर रुग्णालयाची माणसेही बदललेली असतात. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरने आंतररुग्णाचे दप्तर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावयाचे असते, आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावयाचे असते. तेव्हा भांडावयाचे असो वा नसो, घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात संपूर्ण केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, भुलेचा तक्ता आणि संमतिपत्र यांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करावा, आणि अर्जाची पोच तारीख व शिक्क्यासह घ्यावी.